हाडं लाल होत नाहीत? आधी फॉर्मलिनचा पीएच बघा

भ्रूणाचा सांगाडा दिसावा म्हणून कूर्चा निळी आणि हाडं लाल रंगवायची, पण तुमच्या १२ दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणात कूर्चा सुरेख निळी आणि हाडांवर लाल रंगाचा मागमूस नाही: तुमची पोस्ट वाचताना मला माझं एमएस्सीचं शेवटचं वर्ष आठवलं. या वयात मांडीच्या हाडाचा मधला भाग अलिझरिन या रंगाने लाल व्हायलाच हवा. त्यामुळे रंगाची नवी बाटली मागवायची घाई करू नका.

अलिझरिन धरतं ते हाडातल्या कॅल्शियमला. ते आम्लात विरघळून गेलं असेल, तर भ्रूण आठवडाभर रंगात ठेवलं तरी उपयोग नाही.

माझी ४० भ्रूणं अशीच गेली. भ्रूण टिकवायला वापरतात ते फॉर्मलिन साठवणीत हळूहळू आम्लधर्मी होतं, फॉर्मिक आम्ल तयार होतं, हे मला माहीत होतं. बफरसाठी, म्हणजे पीएच स्थिर ठेवायला, सोडियम फॉस्फेट मागायला भांडारात तीनदा गेले. दर वेळी एकच उत्तर, मागणीपत्रात नाही, पुढच्या तिमाहीत या. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू! शेवटी कंटाळून साध्या पाण्यातल्या फॉर्मलिनमध्येच भ्रूणं ठेवली. चार महिन्यांनी पीएचची पट्टी बुडवली, तर पीएच ४. ती भ्रूणं परत मिळवायचा कोणताच उपाय नव्हता. भांडाराचा राग अजून आहे, पण बफरशिवाय पुढे जायचा निर्णय माझाच होता.

बफर घातलेल्या एक लिटर फॉर्मलिनसाठी: बाटलीतलं फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, डायबेसिक (निर्जल) ६.५ ग्रॅम. फॉस्फेट मिळतच नसेल तर सरळ ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

फॉर्मलिन ठीक निघालं, तर संशय कूर्चा निळी करणाऱ्या अल्शियन ब्लूवर. त्यात ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतंच. माझं स्पष्ट मत, एका रात्रीपेक्षा जास्त नको. शुक्रवारी बुडवून सोमवारी काढायचं तर मुळीच नको. बाहेर काढलं की आम्ल शमवायला लगेच संपृक्त बोरॅक्समध्ये. झेब्राफिशच्या पिल्लांसाठी आम्लाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरायची पद्धत २००७ मध्ये आली, ती छान चालते.

माझा हात कोंबडी आणि लहान माशांवरच बसलाय. उंदरांसाठी त्यांवर काम करणाऱ्यांनाच विचारा. आणि भ्रूण पारदर्शक करायचं केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) १ टक्क्याच्या वर नेऊ नका. मे महिन्याच्या उकाड्यात तेवढ्यानेही भ्रूण सुटं होतं, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ बघा. भ्रूण शेवटी ज्यात ठेवायचं त्या ग्लिसरीनमध्ये थायमॉलचा एक खडा टाका, नाहीतर बुरशी धरते.

पट्टीवर पीएच किती आला, तो इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगते.