रस्ता रुंद, मजले जास्त, पाण्याचं काय?

वाचकांचे प्रश्न : शहर नियोजन

घर, आरक्षण आणि पुनर्विकास यांबद्दल पुण्यातून बरीच पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे आधी टॉवर उभे राहिले, पाण्याची लाइन अजून धड आलेली नाही. घरं कुठे, शाळा कुठे, बाग कुठे, हे नगररचना विभाग ठरवतो तरी कशावरून? (बाणेर)

उत्तर : कागदावरचा क्रम सरळ आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिका आधी शहराचा विकास आराखडा (डीपी) करण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). मग विद्यमान जमीनवापराचा नकाशा होतो (कलम २५). आज प्रत्येक तुकड्यावर घर आहे, गोदाम आहे, शेती आहे की नाला, हे त्यात रंगवतात. पुढच्या वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधतात, शहराचे नियोजन विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागात शाळा, दवाखाने, मैदानं, मंडई निकषाप्रमाणे किती हव्यात ते काढतात. त्यातून आज असलेल्या सोयी वजा केल्या की उरते ती तूट. ही तूट भरण्यासाठी मोकळ्या जमिनींवर आरक्षणं टाकतात.

पहिली अडचण इथेच येते. तूट सगळ्यात जास्त असते दाट वस्तीत, आणि मोकळी जमीन असते कडेला. म्हणून पेठांना हवं असलेलं मैदान नकाशावर भलत्याच ठिकाणी उमटतं. आकडेवारीत तूट भरलेली दिसते, पण पेठेतलं पोर काही रोज तिथवर खेळायला जात नाही.

दुसरी अडचण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. सोयी पालिकेच्या अंदाजपत्रकातून येतात, इमारती मात्र नियमावलीतून आणि बिल्डरच्या पैशातून. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, दाट वस्तीबाहेरचा मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, १.१ आहे. त्यावर प्रीमियम (अधिमूल्य) भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन किती चढवता येईल, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर काहीच नाही. ९ ते १२ मीटरला एकूण २, १५ ते २४ मीटरला २.५, आणि ३० मीटर किंवा जास्त असेल तर ३ पर्यंत. जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरेंसाठी निवासी इमारतीला वापरलेल्या एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय वेगळा, तोही अधिमूल्य भरून.

हिशेब करून पाहा. निव्वळ २००० चौरस मीटरचा भूखंड, समोर १८ मीटरचा रस्ता. २.५ प्रमाणे ५००० चौरस मीटर, अधिक अनुषंगिक ३०००, एकूण ८००० चौरस मीटर बांधकाम. एका सदनिकेला सगळं धरून १०० चौरस मीटर पकडले तर ८० सदनिका. घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ५४,००० लिटर पाणी. दहा हजारी टँकरने आणायचं तर साडेपाच टँकर. हाच भूखंड ६ मीटरच्या रस्त्यावर असता तर सदनिका जेमतेम ३५ झाल्या असत्या.

या सगळ्या तक्त्यात जलवाहिनीचा व्यास किंवा पाणी किती दाबाने येतं, हा रकानाच नाही. रस्त्याच्या रुंदीवरून फार तर वाहतुकीचा आणि अग्निशामक गाडीचा अंदाज येतो, पाण्याचा येत नाही. शहराला पाणी किती मिळायचं, हे तर नगररचना विभागाच्या हातातच नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यावर शहराबरोबर हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे आणि वाटप कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतं. म्हणजे पाण्याचा निर्णय एका टेबलावर आणि मजल्यांचा दुसऱ्या. आमच्या मते प्राधान्यक्रम बिघडतो तो इथे. आराखड्याच्या रंगात चूक शोधून फारसं काही हाती लागत नाही.

तुम्हाला करता येण्यासारखं : नव्या इमारतीच्या बांधकाम परवानगीतल्या अटी वाचा. पाणीपुरवठा होईपर्यंत विकसक स्वखर्चाने पाणी देईल, अशी अट किंवा हमीपत्र असेल तर त्याची प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवा. टँकरचं बिल कोणी भरायचं यावरून पुढे भांडण होतं, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

प्रश्न : आमच्या कॉलनीमागच्या जागेवर उद्यानाचं आरक्षण आहे, असं वर्षानुवर्षं ऐकतोय. आता म्हणे तिथे इमारत होणार. आरक्षण असं उठवता येतं का? (धनकवडी)

उत्तर : उठवावं लागत नाही, ते आपोआप व्यपगत होऊ शकतं, म्हणजे मुदत संपून रद्द होतं. आरक्षण टाकलं म्हणून जागा पालिकेची होत नाही. ती घ्यावी लागते, आणि कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत : मालकाशी करार करून मोबदला, त्याऐवजी टीडीआर किंवा एफएसआय, नाहीतर सक्तीचं भूसंपादन. रोख मोबदल्याला पैसे पुरत नाहीत, म्हणून पालिकेचा कल टीडीआरकडे. दाट वस्तीबाहेर क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर मिळतो. पण त्याचा बाजारभाव पडलेला असला की मालक तो घेत नाही, वाट पाहतो.

वाट पाहण्यासारखं कलम आहे १२७. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू केली नाही, तर आरक्षण गेलं. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीनंतरची. आधी ती कमी होती. 'कार्यवाही सुरू केली' म्हणजे फाइल फिरवली असं नव्हे. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केलं आहे.

चुकतं ते असं. सूचना आवक-जावक टेबलावर येते, तिथून भूसंपादनाकडे, तिथून मोजणीसाठी, मग निधी आहे का हे विचारायला लेखा विभागाकडे. मोजणीत हद्द जुळत नाही, सातबाऱ्यावर पाच वारस निघतात. घड्याळ सूचना पोचल्या दिवसापासून चालू असतं आणि फाइल मात्र आठव्या महिन्यात कुठे तरी अडकलेली सापडते.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७–२०२७ चा आराखडा शासनाने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. म्हणजे त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरू लागतात. १९८७ च्या आराखड्यातून पुढे आलेलं आरक्षण असेल आणि मालकाने आधी सूचना दिलेली नसेल, तर दहा वर्षं सुधारित आराखड्यापासून मोजतात.

तुम्ही इतकं करा. आधी झोन दाखला किंवा डीपी अभिप्राय (आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते सांगणारा पालिकेचा कागद) काढून आरक्षणाचा क्रमांक आणि सर्व्हे नंबर पक्का करा. मग माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या शुल्कात, चारच गोष्टी विचारा : जागेचा ताबा कोणाकडे आहे आणि कोणत्या तारखेपासून; कलम १२७ ची सूचना आली आहे का आणि कधी; त्यावर काय कार्यवाही झाली; संपादनासाठी चालू अंदाजपत्रकात तरतूद किती. "उद्यान कधी होणार?" असं विचारलंत तर "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर येईल. सूचना येऊन काही महिने झाले असतील तर थेट आयुक्तांना तारखांसह निवेदन द्या. आरक्षण व्यपगत झाल्यावर मोर्चा काढून उपयोग नसतो. शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो त्या जमिनीलाही चालतो.

प्रश्न : प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती जातात. त्या खरंच कोणी वाचतं का? (कोथरूड)

उत्तर : सुनावणी होते, पण ढिगाचा आकार पाहा. पुण्याचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. पुढे मार्च २०१५ मध्ये शासनाने तो पालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीकडे दिला. २००७ पासूनचा आराखडा मंजूर होईपर्यंत निम्मी मुदत संपली होती.

हरकतीसाठी ठरावीक दिवसच मिळतात. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन आणि शासनाने नेमलेले चार सदस्य असतात. छापील मजकुराच्या पाचशे प्रतींचं वजन समितीपुढे एकाच मुद्द्याएवढं असतं. हरकतीत नकाशाचा शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, नेमकी मागणी आणि पर्याय हवा. 'रस्ता नको' पेक्षा '१२ मीटरचा रस्ता नाल्याच्या कडेने वळवला तर तीन इमारती वाचतात' हे लिहा आणि सोबत मोजणीचा नकाशा जोडा. पोच घ्या. सुनावणीला गैरहजर राहिलात तर मुद्दा लेखी मजकुरावरच निकाली निघतो.

आणखी एक. शासनाने मंजुरी देताना मोठे बदल केले, तर तेवढा भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. हे 'ईपी' म्हणजे वगळलेले भाग. बहुतेक लोकांना वाटतं आराखडा मंजूर झाला, विषय संपला. आणि नेमकी हीच खिडकी हुकते.

प्रश्न : आमची गल्ली ६ मीटरची. बिल्डर म्हणतो, ९ मीटर झाल्याशिवाय पुनर्विकास परवडत नाही. सगळ्या सोसायट्यांनी दीड-दीड मीटर जागा सोडली तर? (एरंडवणे)

उत्तर : बिल्डरचं गणित बरोबर आहे, वर दिलेला ९ मीटरचा उंबरठा तुम्हाला आडवा येतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते. त्यानंतर जी इमारत नव्याने बांधली जाईल तिला रेषेच्या मागे जावं लागतं. २०२० मध्ये शहरातल्या ३२३ रस्त्यांसाठी असा प्रस्ताव आला आणि त्यावर मोठा वाद झाला. कारण समजण्यासारखं आहे. रेषा एका दिवसात आखली जाते, रस्ता रुंद व्हायला मात्र शेवटची सोसायटी पाडली जाईपर्यंत थांबावं लागतं. तोवर गल्ली दात पडल्यासारखी दिसते : इथे ९ मीटर, पुढे ६. अग्निशामक गाडी अडते ती त्या ६ मीटरच्या ठिकाणी, आणि आत मात्र दुप्पट बिऱ्हाडं आलेली असतात.

करारावर सही करण्याआधी पथ विभागाकडून रस्त्याची मंजूर रुंदी लेखी घ्या. डांबराची रुंदी धरू नका. पदपथासह हद्दभिंतीपासून हद्दभिंतीपर्यंतची रुंदी बघा. नियमित रेषा मंजूर झाली आहे की फक्त प्रस्तावित, हे तपासा. प्रस्तावित रेषेवर एफएसआय मोजून दिलेला वाढीव चौरस फुटांचा वायदा हा वायदाच असतो.

प्रश्न : मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरं स्वस्त ठेवायची असतात ना? ती कुठे मिळतात? (येरवडा)

उत्तर : म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत. भूखंड ४००० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर मूळ एफएसआयच्या २० टक्के एवढं बांधकाम ३० ते ५० चौरस मीटरच्या सदनिकांसाठी ठेवावं लागतं. बिल्डरच्या कार्यालयात चौकशी करण्यात वेळ घालवू नका, अर्ज म्हाडाच्या संकेतस्थळावरच भरायचा. हे २० टक्के मूळ १.१ वर मोजतात, प्रीमियम आणि टीडीआरने चढवलेल्या एकूण बांधकामावर नाही. म्हणून उंच प्रकल्पात या घरांचा वाटा बघता बघता आठ-दहा टक्क्यांवर येतो. मोठी जमीन ४००० च्या आतल्या तुकड्यांत विभागण्याचा मोह होतो तो याच अटीमुळे.

प्रश्न : नदीकाठी फ्लॅट बघतोय. निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय? (शिवणे)

उत्तर : निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी; निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी. मंजूर नकाशावर दोन्ही रेषा दाखवल्या आहेत का ते बघा, आणि पार्किंगची तळपातळी लाल रेषेच्या पातळीहून किती खाली आहे ते वास्तुविशारदाकडून मीटरमध्ये लिहून घ्या. ब्रोकरच्या तोंडच्या "इथे कधी पाणी येत नाही"वर जाऊ नका.