गोधडीसाठी डाय-कटिंग मशीन: हाताचे की संगणकाचे?

हाताने फिरवायचे मशीन घ्यावे की संगणकावर चालणारे, आणि मशीनने कापलेल्या गोधडीला हातची म्हणता येते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चौकोन, त्रिकोण आणि पट्ट्या हेच आकार पुन्हा पुन्हा लागणार असतील, तर हाताने फिरवायचे रोलरचे मशीन घ्यावे. त्यात पोलादी पात्यांच्या साच्यावर, म्हणजे ‘डाय’वर, कापड ठेवून तो रोलरखालून सरकवतात आणि साच्याच्या आकाराचे तुकडे कापले जातात. अशा ‘ॲक्युक्विल्ट गो’ मशीनमध्ये सुती कापडाचे सहा थर एका फेरीत कापले जातात. संगणकावर चालणाऱ्या ‘क्रिकट मेकर’चे फिरते पाते एका वेळी एकच थर कापते, ॲप्लिकच्या, म्हणजे कापडावर कापड शिवून केलेल्या नक्षीच्या, नाजूक फुलापानांसाठी ते उत्तम आहे, परंतु पलंगभर गोधडीचे चौकोन त्यावर कापत बसणे म्हणजे शुद्ध वेळेची नासाडी आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला अधिक बोलायचे आहे. चवथीला फोंड्याच्या घरी सारे जमले असताना, भाच्यासाठी मी केलेली त्रिकोणांची गोधडी माझ्या थोरल्या नणंदेने उलगडून पाहिली आणि “मशीनने कापलेली ती गोधडी नव्हेच,” असे सर्वांदेखत सुनावले. वन्सं स्वतः विजेच्या शिलाई मशीनवर शिवतात आणि कापायला रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याची हातकापणी, वापरतात. ते कटर ऑल्फा कंपनीने १९७९ साली आणले. पोलादी पात्यांचे साचे त्याहून कितीतरी जुने असून बुटांचे तळ कापण्यासाठी ते एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहेत. तेव्हा जे नवे ते हातचे नव्हे, हा न्याय लावायचाच असेल, तर तो आधी त्यांच्या कटरला लागू होतो.

शिवाय त्रिकोणाची एक बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते आणि कात्रीखाली ती ताणली जाते. प्रत्येक तुकडा एक षोडशांश इंचाने चुकला, तर सोळा तुकड्यांच्या ओळीत पूर्ण एका इंचाचा फरक पडतो आणि टोके जुळत नाहीत. गोधडीच्या साच्यात शिलाईसाठी पाव इंचाची माया आधीच धरलेली असते, त्रिकोणांची टोकेही बहुधा छाटलेली मिळतात, त्यामुळे जोडताना तुकडे नेमके एकमेकांवर बसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कटपीस निवडणे, रंग लावून पाहणे आणि धावदोरा घालणे ही कामे कोणताही रोलर करीत नाही. हात लागतो तो तिथे, आणि त्या दिवशी गोधडी चाळताना वन्संनी धावदोऱ्याकडे पाहिलेही नाही.

निवड करताना मशीनच्या किमतीपेक्षा साच्यांचा खर्च आणि तोंडाची रुंदी पाहावी. ‘सिझिक्स’ या दुसऱ्या कंपनीच्या ‘बिगझ’ साच्याचा आकार साडेपाच बाय सहा इंच असतो, त्यामुळे मोठे चौकोन त्यात बसत नाहीत, ‘गो’मध्ये दहा इंच रुंदीपर्यंतचे साचे चालतात. कापड ठेवताना उभा धागा साचा ज्या दिशेने रोलरखालून सरकतो त्याच दिशेने असावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाती गंजतात, म्हणून साचे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत आणि साच्यातील पात्यांभोवतीच्या फोममध्ये अडकलेले दोरे प्रत्येक वेळी काढावेत.

हे सारे नव्या कापडाच्या, मापाच्या तुकड्यांबद्दल झाले. जुन्या साड्यांचे थर घालून धावदोरा घालायचा असेल, किंवा घाटापलीकडच्या, कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी समाजातील बायकांप्रमाणे कडेपासून आत शिवत जाणारी ‘कवंद’ नावाची गोधडी करायची असेल, तर मशीन घेऊच नये. तिथे साच्याला कामच नाही. विजेवर फिरणारे मशीन अमेरिकेतील नातेवाइकांकडून मागवणार असाल, तर त्यावरील व्होल्टेजचा मजकूर आधी वाचून घ्यावा, कारण तिकडे १२० व्होल्ट आणि इथे २३० व्होल्ट वीज असते.