वडील जामिनावर आहेत आणि लिहिणं थांबलंय: एका जुन्या हजेरीवाल्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील एकोणसत्तर वर्षांचे, नावावर तीन कादंबऱ्या, पतसंस्थेच्या प्रकरणात संचालक म्हणून आत गेले आणि आता जामिनावर घरी आहेत. सोमवार-गुरुवार पोलीस ठाण्यात हजेरी. तीन महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. विचारलं की 'मला आता लिहायची परवानगी नाही' म्हणतात. हे खरं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी त्याच वाटेवरचा. वय ७४, सांगलीच्या गावभागात राहतो, कथा लिहितो. एका पतसंस्थेला मंडळावर साहित्यिक माणूस हवा होता, मलाही मिरवायला आवडलं, पुढ्यात येईल त्या कागदावर सह्या केल्या. ठेवीदारांचे पैसे अडकले. माझा दोष किती ते कोर्ट ठरवील, पण सह्या माझ्याच आहेत. सांगलीच्या तुरुंगात सात महिने काढले (हो, वसंतदादांनी १९४३ मध्ये फोडला तोच, मी आपला आत बसून इतरांचे अर्ज लिहून देत होतो). २०१८ पासून जामिनावर आहे.

आधी परवानगीचं. जामिनाच्या आदेशाची नक्कल काढा आणि अटी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. बहुतेक वेळा हजेरी, पासपोर्ट जमा, साक्षीदारांपासून लांब राहणं आणि जिल्हा सोडायचा तर परवानगी, एवढंच असतं. लिहू नये असं त्यात नसेल तर बंदी नाही. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी आतच अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं होतं. ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायला सरकारनं नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल संझगिरींच्या बाजूनं लागला, कारण स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवायला मनाई कुठेच नव्हती. आत असलेल्याला जे चाललं, ते घरी बसलेल्याला का चालू नये?

पण मला वाटतं, वडिलांचं अडलंय ते शरमेपाशी. भेटायला येणारा प्रत्येक जण टिळक आणि मंडाले काढतो. कृपा करून ते त्यांना ऐकवू नका. राजद्रोहाची शिक्षा भोगून आलेल्याला गाव हार घालतं. आमच्या दारावरून ठेवीदार जातात, आणि त्यातले दोघे-तिघे माझेच विद्यार्थी आहेत. पहिले सहा महिने मी दाढीसुद्धा खिडकी लावून करायचो.

सुटका झाली ती एका फालतू कामानं. ओळखीच्या एका संपादकानं कुणाच्या तरी आठवणींची दोनशे पानं शुद्धलेखन तपासायला पाठवली. नाव छापायचं नव्हतं, मुदत वीस दिवसांची होती. त्या मुदतीनं मला टेबलाशी बसवलं. स्वतःचं काही सुचायला त्यानंतर पावसाळा उजाडला. तेव्हा 'बाबा, कादंबरी लिहा' म्हणू नका, कुणाचं तरी प्रूफ आणून द्या.

आता माझा दिवस सांगतो. पहाटे पाचला उठतो आणि आठपर्यंत लिहितो. आठनंतर वकिलांचा फोन येऊ शकतो, आणि तो आला की दिवस संपला. हजेरीच्या दिवशी लिहायचा आग्रह मी सोडून दिलाय. अकरा ते दोनमध्ये सही, म्हणजे कधी दहा मिनिटं, कधी अडीच तास. पाण्याची बाटली, रक्तदाबाची गोळी आणि प्रूफं पिशवीत असतात. आमच्या वयात लघवीचा प्रश्न सगळ्यात मोठा, त्यामुळे चहा परत आल्यावरच. शिवाय एक स्वतंत्र वही ठेवतो. ठाण्याच्या रजिस्टरात सही केली की ठाणे अंमलदारांची सही-शिक्का माझ्या वहीतही घेतो. कुरकुर करतात, पण देतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या वहीचं मोल कळलं. १२ तारखेचा सोमवार मी महापुरात घालवला, घरात पाणी, आम्ही मिरजेत एका शाळेत. हजेरी चुकली. नंतर वकिलांमार्फत लेखी अर्ज दिला, निवारा केंद्राचा दाखला जोडला आणि आधीच्या एका सोमवारीही खाडा नाही हे वही दाखवून सिद्ध केलं. नुसत्या फोनवर कधीही विसंबू नका, आजारपणातही नाही.

ठाण्यात सलगी नको. एका अंमलदारांच्या मुलीचा निबंध मी कौतुकानं तपासून दिला होता. वकिलांना कळल्यावर त्यांनी मला जे झापलं, तसं मास्तरकीच्या तीस वर्षांत मीही कुणाला झापलं नसेल. उलट कुणी म्हणालं की मोबाईलवरून तुमचं ठिकाण आम्हाला सतत दिसत राहू द्या, तर तसंच हो म्हणू नका. अशी गुगल पिनची अट जामिनात घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सांगितलंय.

काय लिहावं याबद्दल मात्र जपा. २०२० च्या एका दिवाळी अंकात मी एका विसरभोळ्या कॅशिअरवर विनोदी कथा दिली. आमच्या प्रकरणातला एक साक्षीदार कॅशिअर होता. माझ्या मनात तो नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. त्यानं ती दबाव म्हणून घेतली आणि सरकारी वकिलांनी अंकच कोर्टात दाखवला. जामीन वाचला, पण आठ दिवस झोप नव्हती. आता कथा आधी वकील वाचतात. 'काका, माणसं शेतातली घ्या, बँकेतली नकोत,' म्हणतात. खटला चालू असेपर्यंत पतसंस्था, ठेवी, संचालक या शब्दांच्या जवळपासही वडिलांनी जाऊ नये. आत्मचरित्र लिहायचंच असेल तर शाळेच्या दिवसांपर्यंत येऊन थांबावं.

जिल्ह्याच्या हद्दीचा त्रास सांगलीकरांनाच कळेल. माझं टायपिंग करणारा मुलगा जयसिंगपूरला, जेमतेम दहा किलोमीटरवर. पण अंकलीचा पूल ओलांडून उदगाव आलं की कोल्हापूर जिल्हा. सहा वर्षं मी त्याला हस्तलिखित एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. संमेलनं, सत्कार बाहेरच्या जिल्ह्यात असतील तर महिनाभर आधी अर्ज करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर बोलावणीही कमी येतात. संक्रांतीला औदुंबरला संमेलन भरतं ते मात्र आपल्याच जिल्ह्यात. यंदा वडिलांना तिथे घेऊन जा, मागच्या रांगेत बसा.

हजेरी कमी करून मिळते. सलग खाडा नसल्याचं दाखवून वय आणि आजाराच्या कागदांसह अर्ज केला तेव्हा २०२१ मध्ये माझी दर सोमवारची हजेरी महिन्याच्या पहिल्या सोमवारवर आली. पहिला अर्ज फेटाळला गेला होता, दुसरा मंजूर झाला. जामीन उच्च न्यायालयानं दिला असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईचा हेलपाटा वाचेल. फक्त कोर्टाच्या कामासाठी जिल्ह्याबाहेर जायची मोकळीक आदेशात आहे का, ते आधी वाचून घ्या.

प्रूफाचं काम कुठून आणायचं असा प्रश्न पडला तर मला कळवा. माझ्याकडे आत्ताच एका निवृत्त कंडक्टरच्या आठवणी पडून आहेत, अक्षर भयंकर आहे, मुदत महिनाअखेर.