ऑक्टोबरमधील रात्री मुंबईत विजा इतक्या का कडाडतात, आणि प्रत्येक शेजारी वेगळेच का सांगतो?

आपण विचारले आहे की, जूनमध्ये मुंबईत राहायला आल्यापासून दिवसचे दिवस पाऊस पाहिला तरी वीज फारशी दिसली नाही. मग ऑक्टोबरमधील एका रात्री अचानक एवढा कडकडाट कसा झाला, आणि त्याविषयी इमारतीतील प्रत्येक जण निराळीच हकीकत का सांगतो. मी गेली बावीस वर्षे मुलुंड पूर्वेला एका सात मजली इमारतीत राहतो आणि आमच्याकडेही नेमका हाच वाद झाला होता. तो कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध पिताना झाला, त्यामुळे कोण काय म्हणाले ते मला चांगले आठवते.

प्रथम विजांचे कारण सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये वारे समुद्रावरून येतात आणि पाऊस देणारे ढग बहुतेक वेळा फार उंच वाढत नाहीत. वीज तयार होण्यासाठी ढगात हवा वेगाने वर चढावी लागते आणि बर्फाचे हलके स्फटिक व गारांचे जड कण एकमेकांवर आदळावे लागतात. त्या घर्षणातून साधारणपणे हलके स्फटिक धनभार घेऊन वर जातात आणि जड कण ऋणभार घेऊन खाली राहतात. पाऊस परतू लागला की चित्र पालटते. ऊन तापते, जमिनीत ओल भरपूर असते आणि वारे पूर्वेकडून वाहू लागतात. दुपारी कर्जत-मुरबाडच्या बाजूला सह्याद्रीवर ढगांचे मनोरे उभे राहतात, त्यांचे माथे बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचतात, आणि संध्याकाळनंतर तेच ढग, किंवा त्यांच्यातून सुटलेल्या गार वाऱ्याने वाटेत उठवलेले नवे ढग, शहरावर येतात. म्हणून मुंबईत विजा मुख्यतः पावसाच्या आधी वळवात आणि शेवटी परतीच्या पावसात दिसतात. जुन्या माणसांना हे पंचांगावरून ठाऊक असते. हस्त नक्षत्र लागले की आमच्या पाचव्या मजल्यावरच्या आजी गच्चीवरची वाळवणे चार वाजताच उचलायला लावतात.

आता आमच्याकडच्या त्या रात्रीविषयी. आजींची खिडकी पूर्वेकडे, म्हणजे मिठागरे, खाडी आणि पलीकडे ऐरोली अशी उघडते. त्यांना झोप कमीच. अकराच्या सुमारास त्यांना पारसिकच्या डोंगरामागे आभाळ उजळताना दिसले, परंतु आवाज मुळीच नव्हता. गडगडाट साधारणपणे पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे ऐकू येत नाही, त्यामुळे ते वादळ अजून बरेच दूर असणार. आजींनी आरशावर चादर टाकली, सुनेला टीव्हीचा प्लग काढायला सांगितले आणि त्या मोजत बसल्या. त्यांची मोजण्याची रीत देवरुखकडच्या त्यांच्या माहेरची आहे: वीज चमकली की ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’ असे म्हणायचे आणि गडगडाट झाला की थांबायचे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे तीन विठ्ठलांना एक किलोमीटर असा हिशेब बरोबर बसतो. साडेअकरानंतर त्या नऊ विठ्ठलांवर आल्या. वादळ तेव्हा खाडीच्या पलीकडच्या काठावर, ऐरोलीच्या आसपास होते.

त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर, ज्यांच्या साऱ्या खिडक्या पश्चिमेला आहेत ते काका गाढ झोपेत होते. पावणेबाराला वाऱ्याने त्यांच्या बाल्कनीतील कुंडी पडली तेव्हा त्यांना जाग आली. त्यांनी पहिला गडगडाट ऐकला तो येऊरच्या डोंगराच्या बाजूने, आणि तेव्हापासून आजतागायत वादळ येऊरहूनच आले असे ते सांगतात. काका खोटे बोलत नाहीत. पूर्वेचा आवाज त्यांच्यापर्यंत इमारतीच्या भिंतींनी अडून येतो आणि डोंगरावरून परतणारा आवाज थेट खिडकीत शिरतो. शिवाय विजेची रेघ अनेक किलोमीटर लांब असू शकते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो आणि दूरच्या टोकाचा नंतर, म्हणून गडगडाट पिंप गडगडत नेल्यासारखा लांबत जातो. तो कोणत्या दिशेने येतो आहे हे अंथरुणात बसून ठरवणे अवघडच.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या की ती ढगफुटीच होती. हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे, असे मला वाटते. हवामान खात्याच्या लेखी एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस वीस-तीस चौरस किलोमीटरच्या परिसरात पडला तरच ती ढगफुटी. आमच्या गच्चीवर योगायोगाने एक सरळ कडांचा स्टीलचा डबा उघड्यावर राहिला होता; त्यात सकाळी तीन बोटे, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर पाणी होते. तासाभरात पन्नास मिलिमीटर हाही दणकून पाऊसच, पण ढगफुटी नव्हे. अर्थात दोन स्थानके पलीकडे याच्या दुप्पट किंवा निम्मा पडला असेल तरी आश्चर्य नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर झाला होता.

खरा वाद वीज कुठे पडली यावर होता. इमारतीतील जवळजवळ प्रत्येकाने ती ‘अगदी आमच्या खिडकीला लागून’ पडल्याचे सांगितले. वेळ मात्र निश्चित होती, कारण सोसायटीच्या ग्रुपवर 12 वाजून 9 मिनिटांनी एकापाठोपाठ तीन संदेश आले होते: लिफ्ट बंद, वायफाय बंद, आणि कुणाचे तरी फक्त ‘बापरे’. आजींचे मोजणे त्या वेळी एकावरही पोहोचले नव्हते. वॉचमनकाका पार्किंगमध्ये खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, आधी मांजरपाटाचे कापड टर्रकन फाडावे तसा आवाज आला, त्याच क्षणी धडाका झाला आणि मग झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास पसरला. वीज शेजारच्या बंगल्यातील नारळावर पडली. त्यांचे कुणी मनावर घेतले नाही, कारण नारळ सकाळी जसाच्या तसा हिरवागार उभा होता. मला मात्र त्यांचेच म्हणणे खरे वाटले. कापड फाटल्याचा आवाज फक्त अगदी जवळ असलेल्याला ऐकू येतो, दूरच्यांच्या वाट्याला निव्वळ गडगडाट येतो. आणि झेरॉक्सच्या यंत्राजवळचा तो वास ओझोनचा असतो, जो विजेनेही तयार होतो.

नुकसानीची गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण तेव्हा मी सोसायटीच्या कमिटीत होतो. लिफ्टचे कार्ड जळले आणि चार घरांतील राउटर गेले. चारही घरांच्या केबल गच्चीवरून उघड्या आलेल्या होत्या. आजींचा टीव्ही वाचला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाहिले तर वीजरोधकाची तांब्याची पट्टी टाकीमागे हातभर कापलेली निघाली. वॉटरप्रूफिंगच्या कामात ती आड आली असावी आणि काम संपल्यावर कुणी जोडली नाही. आम्ही बिल मंजूर केले, पट्टी पाहिली नाही. तुमच्या इमारतीतही ती गच्चीपासून जमिनीतील अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत अखंड आहे का, हे एकदा स्वतः चढून पाहावे.

पुन्हा अशी रात्र आली तर प्लग वादळ जवळ येण्याआधी काढावेत, डोक्यावर आल्यावर त्यांना हात लावू नये. गच्चीवर व्हिडिओ काढायला जाऊ नये. वीज आणि आवाज यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर घरात थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडत असल्यास सूचना देते; आजींना मात्र त्याची गरज भासत नाही.

कोजागिरीनंतर आठ-दहा दिवसांनी त्या नारळाचे शेंड्याकडचे झाप पिवळे पडून खाली लोंबू लागले, आणि दिवाळीपर्यंत त्याने मान टाकली. बंगलेवाल्यांनी तो तोडायला माणसे बोलावली तेव्हा आमच्या इमारतीतील निम्मी मंडळी खिडकीत उभी होती. वॉचमनकाका खाली खुर्चीवरच बसून होते. तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यांच्याजवळ गेले, नारळ तुमचाच निघाला असे म्हणाले, आणि वादळ तरीही येऊरहूनच आले होते, असे सांगून वर गेले.