जे धरून आहे, त्याला हात लावू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. सरांच्या सत्काराला त्यांची जुनी कनू, म्हणजे सीडरच्या पातळ फळ्यांवर कॅनव्हास ताणलेली निमुळती होडी, अगदी कारखान्यातून निघाली तशी करून न्यायची, असं तू ठरवलंस. कॅनव्हास उतरवल्यावर मात्र त्यांनीच पूर्वी केलेली दुरुस्ती उघडी पडली. ती बांधणाऱ्या अमेरिकेतल्या ओल्ड टाउन कंपनीच्या नोंदीत काठाच्या पट्ट्या स्प्रूस लाकडाच्या आहेत. सरांनी टोकाला अ‍ॅशचा तुकडा जोडलाय, आणि जोडही आखूड. आता नोंदीप्रमाणे करू की सरांचं राहू देऊ, असं विचारतेस.

राहू दे. जे धरून आहे, त्याला हात लावू नकोस.

जोड आखूड आहे हे मलाही कळतं. आज आपण लाकडाच्या जाडीच्या आठ ते बारा पट लांबीचा तिरका जोड घेतो. अ‍ॅश ओलाव्याने काळं पडतं, कुजतं, हेही खरं. पण तू पट्टी वाकवून पाहिलीस का? डिंकाची रेघ उघडते का? टोच्या लाकडात रुततो का? पत्रात यातलं एक अक्षर नाही, फक्त ते कसं दिसतं तेवढंच आहे. त्याचा मला राग आला, खरं सांगते. लाकूड मऊ लागलं, रेघ उघडली, तर खुशाल काढ, मी अडवणार नाही. नाही उघडली, तर करवत जागेवर ठेव.

त्या नोंदींची मला किंमत नाही असं समजू नकोस. टोकाच्या कण्यावर ठोकलेला क्रमांक शोधायचा आणि त्यावरून होडीची लांबी, प्रत, लाकूड, रंग, रवानगीची तारीख हाती यावी, हे आपल्या कामातलं मोठं सुख आहे. पण नोंद त्या रवानगीपाशी संपते. त्यानंतर होडी वापरली गेली, टोकांत पाणी साचून पट्ट्या कुजल्या, आणि एका माणसाने त्या वाचवल्या. ते कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नाही. सरांनी अ‍ॅशच का घेतलं, हे आता त्यांना आठवत नाही. इतकी वर्षं शेजारी उभी राहिले, पण विचारायचं राहून गेलं, याची मला खंत आहे. तो तुकडाच आता उत्तर आहे, आणि तू तो कापायला निघालीस!

कॅनव्हास उतरला की हा मोह होतोच. फळ्यांची बाहेरची बाजू एरवी दिसत नाही. दिसली की प्रत्येक जुना खिळा, प्रत्येक ठिगळ डोळ्यांत खुपतं. पण ही होडी किती पातळ असते बघ. बरगडी सुमारे ८ मिलिमीटर, फळी ४. पितळी खिळा दोन्हींतून आरपार जातो, आतल्या बाजूला धरलेल्या लोखंडावर आपटतो आणि टोक वळून पुन्हा बरगडीत शिरतं. तो उपसलास की भोक मोठं होतं, फळी चिरते. एक बरगडी बदलायला डझनावारी खिळे काढावे लागतात. आणि शेजारशेजारच्या तीन-चार बरगड्या एकदम काढल्यास, तर होडीचा आकार कशावर धरणार? ज्या साच्यावर ती बांधली तो आपल्याकडे नाही. म्हणून तुटकी बरगडी बदल, नुसती डागाळलेली राहू दे. जे धरून आहे, त्याला हात लावू नकोस.

कॅनव्हासची गोष्ट वेगळी. तो बदलण्यासाठीच असतो. जुना फिलर, म्हणजे कॅनव्हासची वीण बुजवणारा लेप, आणि रंग यांत शिसं असू शकतं, तिथे मात्र जुन्याचं कौतुक नको: कोरडं घासू नकोस, मास्क लाव.

मला लोक हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. कॅनव्हासऐवजी फायबरग्लास चढवून मागणारी कामं मी परत पाठवली, त्यात पैसे गेले, ओळखी तुटल्या. तरी आजही परत पाठवीन. रेझिनखाली ओल अडकते, सीडर आतून कुजतं, आणि ते थर सोलताना फळ्यांचे टवके निघतात. कॅनव्हास पुढच्या माणसाला सहज उतरवता येतो. मी सोय बघत नव्हते, मी त्या पुढच्या माणसाला बघत होते. सर मला हेच शिकवत होते, आणि मी ते कुणाच्या सोयीसाठी सोडणार नाही.

सत्कारात त्यांच्याबद्दल भाषणं होतील, होऊ देत. जुन्या लाकडी कनू जपणारी वुडन कनू हेरिटेज असोसिएशन ही संस्था १९७९ साली उभी राहिली, त्याआधी अशा होड्या किती जणांनी जाळल्या, परसात कुजू दिल्या. सरांसारख्यांनी त्या उचलून आणल्या, हाती असेल त्या लाकडाने तगवल्या. त्यांच्यासमोर त्यांची दुरुस्ती पुसून चकचकीत होडी ठेवणं मला सहन होणार नाही.

तेव्हा असं कर. नवा कॅनव्हास चढण्याआधी प्रत्येक जुन्या दुरुस्तीचा फोटो काढ, कुठली बरगडी, कुठलं लाकूड, ते वहीत लिही, तुझं काम वेगळ्या पानावर. पट्ट्यांना व्हार्निश दे, पण जोडाची रेघ लपवू नकोस. सत्काराची तारीख लगेच कळव. फिलर सुकायला आठवडे जातात, मग रंग. त्यावरून मागे मोजून कॅनव्हास ताणायचा दिवस धरू. ताणायला मी येते, चिमटे माझ्याकडे आहेत.

तुझी,
मावशी