टेन्शन नव्हतं, मग परत का घेतली?

"मॅडम, सात महिने हात लावला नव्हता हो त्याने. घरात काही टेन्शन पण नाही, उलट त्या दिवशी पहिला पगार झाला होता, मग का केलं असं?" एका आईचा प्रश्न. व्यसनमुक्तीचं काम करताना थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला कितीतरी घरांतून येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा गर्दवर होता, म्हणजे हेरॉइन. डिटॉक्स (शरीरातून ड्रग काढायचा उपचार) झालं, नोकरी लागली, घरच्यांना वाटलं सुटला एकदाचा.

त्याच्याशी निवांत बोलले तेव्हा कळलं की सुरुवात पगाराच्या दिवशी झालीच नव्हती. दीड महिना झोप नीट नाही, चिडचिड, व्यसन सोडणाऱ्यांच्या ग्रुप मीटिंगला कामाचं कारण सांगून दांडी, आणि जुन्या मित्राचा डिलीट केलेला नंबर परत सेव्ह केलेला, 'सहज, विचारपूस करायला'. घरी कोणाला यात काही खटकलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष फक्त घेतली का नाही घेतली यावर. मग हातात पैसे आले. वर्षानुवर्षं हातात पैसे आले की माल घ्यायचा हे त्याच्या मेंदूत पक्कं बसलेलं, आणि ड्रग शरीरातून काही दिवसांत निघून जातं पण मेंदू जे शिकलाय ते इतक्या लवकर पुसलं जात नाही. ओळखीची जागा, माणूस, नोटा, काहीही पुरतं तलफ उठायला. ती दुःखातच उठते असं नाही, आनंदातही उठते.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या दिवसाची. वडील म्हणाले, सगळं पाण्यात घातलंस. त्यालाही तेच वाटत होतं, की आता गेलंच आहे तर गेलं, म्हणून त्याने परत घेतली. एक दिवसाची चूक इथेच पूर्ण रिलॅप्स होते, म्हणजे व्यसन परत सुरू होतं, आणि इथेच जीवही जातो. कारण इतके महिने बंद असल्यावर शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते, पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. हे मी प्रत्येक घरी स्पष्ट सांगते, कोणाला कितीही कडू वाटलं तरी.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजने दिलेला आकडा व्यसनावर उपचार घेतलेल्यांमध्ये ४० ते ६० टक्के रिलॅप्सचा आहे. बीपी आणि दम्यातही उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण कमी नसतं. बीपी वाढलं म्हणून आपण कोणाला घराबाहेर काढत नाही ना, डॉक्टरकडे नेतो, गोळी बदलतो.

आम्हीही तेच केलं. डॉक्टरांनी त्याला ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, ज्याने तलफ आटोक्यात राहते, पगार त्याच्याच संमतीने आईच्या खात्यात जायला लागला, आणि वडिलांना मी एकच काम दिलं, 'घेतली का?' ऐवजी 'झोप झाली का?' विचारायचं. त्यांना जड गेलं. पण मागच्या महिन्यात, पगाराच्या दिवशी, संध्याकाळी मुलाने स्वतःहून वडिलांना फोन केला, बाबा आज त्रास होतोय, घ्यायला या. ते गेले, आणि वाटेत एकही प्रश्न विचारला नाही.