आधी मोज, मग बुजव

प्रिय,

वीरगळीची मेश, म्हणजे त्रिकोणांनी बनलेला तिचा थ्रीडी पृष्ठभाग, बंद होत नाही आणि घनफळ भलतंच येतं, हा रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेल सकाळी चहाबरोबर वाचला. सोबतची नोटबुकही, म्हणजे तुझी कोडची वही, उघडली. त्यात दुरुस्तीचे अकरा सेल आहेत. फिल होल्स (छिद्रं बुजवणं), मग नॉर्मल्स (त्रिकोणांची तोंडं कुठे ते सांगणारे बाण) सरळ करणं, मग पायमेशलॅब या लायब्ररीची दोन फिल्टरं, मग परत फिल होल्स, शेवटी वैतागून पॉइसन, म्हणजे बिंदूंवरून सगळा पृष्ठभाग नव्याने ओढून घेणं. मोजणीचा सेल मात्र एकही नाही. वाचताना मला तुझा राग आला आणि लगेच हसूही आलं, कारण ही नोटबुक पंधरा वर्षांपूर्वीची माझी आहे. फक्त तेव्हा नोटबुक नव्हती, एक लांबलचक स्क्रिप्ट होती.

देवळाच्या भिंतीला टेकलेली वीरगळ, खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. हे सगळं फोटोंवरून उभं करायचं आणि दगडाचं घनफळ काढून गावाला वजन सांगायचं, म्हणजे चौथऱ्यावर हलवताना माणसं लागतील की क्रेन ते कळेल. काम चांगलं आहे. तू ते का करतोस हे मला विचारायची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे, की मेश कुठे मोडली आहे हे बघण्याआधी तू ती जोडायला का धावलास?

आधी मोज. मग बुजव.

मी काय मोजलं ते सांगते. तुझ्या एसटीएलमधल्या, म्हणजे मेश साठवलेल्या फाइलीतल्या, बिंदूंचा उत्तरेकडचा स्तंभ घेतला आणि नमपाय लायब्ररीच्या युनिक या फंक्शनला विचारलं, यात वेगवेगळ्या संख्या किती? उत्तर आलं 7. पाऊण मीटर रुंद दगड, लाखभर बिंदू, आणि त्या दिशेला जागा फक्त सात! उंचीच्या स्तंभात मात्र हजारो वेगळ्या संख्या. तुझी सगळी रात्र या एका ओळीत होती.

कारण साधं आहे. तुमच्या चमूने सगळा परिसर यूटीएममध्ये, म्हणजे नकाशाच्या मीटरांतल्या जागतिक चौकटीत, मोजला, त्यामुळे वीरगळीचा प्रत्येक बिंदू विषुववृत्तापासून वीस लाख मीटरांवर बसला. बायनरी एसटीएल आकडे 32 बिटांत ठेवतं. त्यात साधारण सात अर्थपूर्ण अंक मावतात. वीस लाखांच्या आसपास दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर होतं 0.125 मीटर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. पूर्वेकडचा आकडा पावणेचार लाखांच्या घरात, तिथे पायरी तीन सेंटिमीटरची. उंची साडेपाचशे मीटर, तिथे मिलिमीटरच्याही आतली. तुझी लढाई दोन सेंटिमीटर खोल कोरलेली आहे. ती राहणार कुठे? बिंदू एकमेकांवर कोसळले, हजारो त्रिकोणांचं क्षेत्रफळ शून्य झालं, लोड करताना काही बिंदू एकत्र झाले, कडा फाटल्या. त्या फटींना तू छिद्रं समजून रात्रभर पुट्टी भरत बसलास.

आणि हे एसटीएल तयार झाल्यावर दुरुस्त होत नाही. गेलेले अंक कुठलंही फिल्टर परत आणणार नाही. मूळ ओबीजेकडे जा. ती मजकुराची फाइल आहे, तिच्यात दशांश शाबूत आहेत. ती 64 बिटांत वाच, दगडाजवळचा एखादा पूर्णांक बिंदू निवडून सगळ्यांतून वजा कर, तो वेगळ्या फाइलीत लिहून ठेव, आणि मगच काय करायचं ते कर. वीस लाखांचा तो आकडाच व्ह्यूअरमध्येही तुला छळत होता. झूम केल्यावर दगड थरथरत होता ना? ग्राफिक्स कार्डही बहुधा 32 बिटांतच चित्र काढतं. तू ड्रायव्हर बदललास. असो.

ओबीजे उघडलीस की दुसरी गंमत दिसेल, आणि कृपा करून तिथेही लगेच बुजवायला धावू नकोस. टेक्सचर, म्हणजे वर चढवलेलं फोटोचं चित्र, असलेल्या मेशमध्ये चित्राच्या शिवणीवर बिंदू दोनदा लिहिलेला असतो, कारण एकाच जागेला चित्रातले दोन पत्ते असतात. ट्रायमेश, म्हणजे तू मेशसाठी वापरतोस ती लायब्ररी, ते पत्ते जपतं, म्हणून डोळ्यांना अखंड दिसणारी मेश त्याला फाटकी वाटते. एका जागेचे बिंदू जोडणाऱ्या मर्ज व्हर्टिसेसला टेक्सचरकडे दुर्लक्ष करायला सांग आणि कडा पुन्हा मोज. प्रत्येक कड किती त्रिकोणांत येते? एक म्हणजे उघडी, दोन म्हणजे ठीक, तीन किंवा जास्त म्हणजे भानगड. शिवणी जुळण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिही. कागदावर लिहिलेस तरी चालेल. मी अजून कागदावरच लिहिते.

आता उरलेली छिद्रं. इथे मला थोडं माझं सांगायचं आहे.

भोसरीत आम्ही जुन्या यंत्रांचे भाग स्कॅन करून त्यांचे ओतकामाचे पॅटर्न बनवत होतो. ज्यांची ड्रॉइंग हरवली आहेत असे भाग. एक पंपाची बॉडी आली. तिच्यात तेलाची 22 मिलिमीटरची आरपार वाट होती, लांब आणि अंधारी. स्कॅनरचा उजेड आत पोचला नाही, त्यामुळे मेशमध्ये वाटेच्या भिंतीच नव्हत्या, फक्त दोन्ही टोकांना दोन उघडी तोंडं. माझ्या स्क्रिप्टने दोन्ही तोंडं सफाईने बुजवली. वॉटरटाइट, म्हणजे कुठेही उघडी कड नसलेली, आहे का? हो. मी त्या 'हो'वर विश्वास ठेवला. चौदा कास्टिंगं भरीव आली.

एक वजाबाकी केली असती तरी कळलं असतं. बिंदू वजा कडा अधिक त्रिकोण. साध्या ठोकळ्याचं घे: 8 वजा 18 अधिक 12, उत्तर 2. बंद मेशमध्ये प्रत्येक आरपार वाटेमागे हा आकडा दोनाने उतरतो. एक वाट असेल तर 0 यायला हवा. ट्रायमेशमध्ये तो ऑयलर नंबर म्हणून आयता मिळतो. मी तो छापला नाही, कारण मला घाई होती. मुलगा तापाने फणफणला होता, गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं, आणि वॉटरटाइट म्हटल्यावर अजून काय बघायचं असतं, असं तेव्हा सगळेच मानत. खरंच मानत. मी एकटीच नव्हते.

फाइल यंत्रावर चढवली होती एका नव्या पोराने, तुझ्याच वयाच्या. ओरडा त्याने खाल्ला. मी समोर उभी होते आणि गप्प राहिले. महिन्याभरात तो दुसरीकडे गेला. पगार जास्त होता म्हणून गेला, असं मी स्वतःला सांगते, आणि ते खरंही असू शकतं.

तर तुझी वीरगळ. तिची पाठ भिंतीला आहे. तू तिचा एकही फोटो काढलेला नाहीस, काढताच आला नसता. मग मेश मागून उघडी आहे हे योग्यच आहे ना? ती उघडी असणं ही तुझ्या मेशमधली सगळ्यात खरी गोष्ट आहे. पॉइसन तिला बंद करून देतं, हो, पण मागे फुग्यासारखं पोट काढून. त्या पोटाला दगडाचा काही आधार नाही. ओपन-थ्रीडी हे पॅकेज पॉइसनबरोबर प्रत्येक बिंदूची घनता, म्हणजे तिथे मूळ बिंदू किती दाट होते ते, देतं. तिच्यावर रंग चढवून बघ. जिथे घनता तळाला जाते तिथे तुझ्याकडे माहिती नव्हती, इतकंच त्याचं म्हणणं आहे.

आणि तुझं ते काही लाख घनमीटरांचं उत्तर. लायब्ररीत बग नाही. घनफळ काढताना ती प्रत्येक त्रिकोणाचं मूळ बिंदूपासूनचं चिन्हासकटचं माप घेते आणि बेरीज करते. मेश बंद असेल तर जास्तीचं सगळं कटतं. उघडी असेल तर कटत नाही, आणि मूळ बिंदू दोनेक हजार किलोमीटर लांब असल्यावर तो फरक दगडाहून कैक पटींनी मोठा होतो. खात्री हवी असेल तर मेश पूर्वेला दहा मीटर सरकव आणि घनफळ परत विचार. दगड सरकवल्याने फुगत नाही. आकडा बदलला की समजायचं, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

मेलच्या शेवटी तू लिहिलं आहेस की तुला हे जमणार नाही, सोबतची मुलं पुढे गेली. त्याला उत्तर द्यायचा मला कंटाळा आहे. सातचा आकडा तू स्वतः बघितला असतास तर हे वाक्य लिहिलंच नसतंस.

पाठ कशी बंद करायची ते पुढे बोलू. बहुधा सपाट बंद करायची आणि अहवालात "मागची बाजू गृहीत" असं ठळक लिहायचं. पण तोवर एक काम कर. शनिवारी गावात जाशील तेव्हा लॅपटॉप नेऊ नकोस, टेप ने. उंची, रुंदी, आणि दोन्ही बाजूंनी तीन ठिकाणी जाडी. दीड मीटर, पाऊण मीटर आणि सरासरी वीस सेंटिमीटर निघाली तर पाव घनमीटरला थोडं कमी होतं. दगड बेसाल्टचा असेल तर साडेसहाशे किलोच्या आसपास. तुझ्या मेशचं उत्तर याच्या जवळ आलं तरच मला पाठव.

आणि पुजाऱ्यांना विचार, दगड जमिनीत किती गाडलेला आहे. तेवढा भाग कुठल्याच फोटोत नाही, टेपलाही लागणार नाही, आणि उचलायला गेल्यावर मात्र तोच आधी कळेल.

तुझी,
ताई